देवराई कोण राखतं? 'संस्कृती आणि जैवविविधता' हा विषय घेण्याआधी

"ताई, सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य काय लिहू?" असं विचारणारे फोन दर वर्षी ठरावीक महिन्यांत सुरू होतात. यंदा तिघांचा विषय जवळजवळ एकच निघाला: सांस्कृतिक विविधता आणि जैवविविधतेचं संवर्धन. तिघांचं पहिलं वाक्यही साधारण सारखंच होतं, "सांस्कृतिक विविधता टिकली तरच जैवविविधता टिकेल."

हसू नका, मीही हेच लिहिलं होतं. माझ्या गाईडनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं एकच शब्द लिहून कागद परत दिला: "कशी?" त्या एका शब्दापायी माझं पीएचडीचं पहिलं वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

विषय चांगला आहे, महत्त्वाचा आहे, करण्यासारखं कामही भरपूर आहे. पण हा विषय ऐकायला इतका गोड आहे की त्यात प्रश्न विचारायचाच राहून जातो.

आधी नकाशा बघू

संस्कृती आणि जैवविविधता यांचा संबंध आहे ही कल्पना कुठून आली? १९८८ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेम शहरात लोकजीवशास्त्राच्या, म्हणजे माणसं आणि सजीवसृष्टी यांच्या नात्याच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथल्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं गेलं की सांस्कृतिक आणि जैविक विविधता यांचं नातं तोडता न येणारं आहे. पुढे १९९२ च्या जैवविविधता करारात कलम ८(जे) आलं. स्थानिक समाजांचं पारंपरिक ज्ञान आणि चालीरीती यांचा आदर करणं, ते जपणं ही सदस्य देशांची जबाबदारी आहे, असं ते कलम सांगतं.

हे झालं धोरण. पुरावा म्हणून सगळ्यात जास्त दाखवला जातो तो भाषांचा नकाशा. २०१२ मध्ये लॅरी गोरेनफ्लो आणि सहकाऱ्यांनी जगातल्या सुमारे ६,९०० भाषांची ठिकाणं जैवविविधतेच्या नकाशावर ठेवून पाहिली. जैवविविधतेचे ३५ 'हॉटस्पॉट' आणि ५ मोठी वन्य क्षेत्रं एवढ्याच भागात जगातल्या जवळपास ७० टक्के भाषा आढळल्या. (हॉटस्पॉट म्हणजे जिथे किमान १,५०० प्रदेशनिष्ठ वनस्पती आहेत आणि मूळ अधिवासाचा ७० टक्के किंवा जास्त भाग आधीच नष्ट झालाय असा प्रदेश. आपला पश्चिम घाट श्रीलंकेसह यात येतो.)

आकडा जबरदस्त आहे. आता संशोधक म्हणून थांबा आणि विचारा, दोन गोष्टी एकाच ठिकाणी आढळण्याची कारणं काय काय असू शकतात? मला निदान तीन दिसतात.

पहिलं, दोन्हींचं कारण तिसरंच असेल. डोंगरदऱ्या, भरपूर पाऊस, एकमेकांपासून तुटलेली खोरी. अशा प्रदेशात प्रजातीही वेगळ्या होत जातात आणि भाषाही. ८०० हून जास्त भाषा असलेला पापुआ न्यू गिनी आठवा.

दुसरं, दोन्ही टिकल्या त्या केवळ रस्ता, बाजार आणि सरकार उशिरा पोहोचलं म्हणून.

तिसरं, तिथली माणसं ज्या पद्धतीनं जगतात त्यामुळे खरोखरच जैवविविधता राखली जाते.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं वाक्य फक्त तिसऱ्या कारणावर उभं आहे, आणि नकाशा या तिघांत निवड करू शकत नाही. गोरेनफ्लोंच्या पेपरमध्येही लिहिलंय की कारणं गुंतागुंतीची आहेत आणि ठिकाणागणिक बदलतात. उद्धृत करणारे ते वाक्य वगळतात आणि ७० टक्के तेवढे उचलतात.

मग निवड करायची कशी? जगाच्या नकाशावरून खाली उतरून, जिथे माणसाची कृती आणि झाडाचं जगणं दोन्ही मोजता येतं अशा ठिकाणी जाऊन. माझ्यासाठी ते ठिकाण म्हणजे कोकणातली देवराई.

देवराई: एक तयार प्रयोग, पण अर्धवट

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात, सिंधुदुर्गात नुसतं राई. कर्नाटकात देवरकाडू, केरळात कावू, राजस्थानात ओरण, झारखंडात सरना. नावं वेगळी, आकार वेगळे. कुठे चार-पाच झाडं, कुठे काही हेक्टर. कल्पना मात्र सारखी: इथून काही न्यायचं नाही, किंवा ठरलंय तेवढंच न्यायचं.

महाराष्ट्रातल्या देवरायांचा पद्धतशीर शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. डी. वर्तक यांच्या कामामुळे. त्यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा पेपर १९७६ चा. हा पेपर तुम्ही वाचलाच पाहिजे, कारण त्यात वनस्पतींच्या यादीइतकंच लक्ष नियमांकडेही दिलंय. कडक राखलेल्या रायांत वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत ही नोंद त्यांच्याच कामातून अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

त्यातलं एक उदाहरण मी नेहमी सांगते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाजवळच्या देवराईत गारंबीचा एक भलामोठा वेल होता. गारंबीची साल गुरांच्या औषधाला लागते. ती मिळवायला लोक चाळीस किलोमीटरवरून यायचे. म्हणजे आसपासच्या तेवढ्या मुलखात तो वेल उरलाच नव्हता. देवराईत उरला.

अशी उदाहरणं आणखी आहेत. कुन्स्टलेरिया केरालेन्सिस या वेलीची ओळख शास्त्राला पटली ती केरळमधल्या कावूंतून. गोव्यात सत्तरीतली 'निरंकाराची राई' म्हणजे रानजायफळाच्या झाडांची गोड्या पाण्यातली दलदल, फार दुर्मीळ अधिवास. आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे अशीच मायरिस्टिका दलदल आहे, आणि २०२१ मध्ये राज्य शासनानं तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं.

एवढं वाचून "झालं की सिद्ध!" असं वाटतं. नाही झालं. देवराई हा निसर्गात आयता मांडून ठेवलेला प्रयोग आहे खरा, पण त्यात तुलनेची बाजू कुणी मांडलेली नाही. ती तुम्हाला मांडायचीय.

'संस्कृती' म्हणजे नेमकं काय मोजणार?

सिनॉप्सिसमध्ये 'संस्कृती' हा शब्द आला की समजा एक पोतं उघडलंय. त्यात काय काय आहे ते बाहेर काढून वेगळं ठेवा. जैवविविधतेपर्यंत जाणाऱ्या किमान तीन वाटा मला दिसतात.

एक, मनाई. अमुक ठिकाणी तोडायचं नाही, अमुक महिन्यात धरायचं नाही, अमुक प्राणी मारायचा नाही. देवराई मुख्यतः या वाटेवरची.

दोन, वापर. जे उपयोगाचं ते राखलं जातं. गडचिरोलीत शेताच्या मधोमध मोहाची झाडं उभी दिसतात. नांगरताना अडचण होते, तरी तोडत नाहीत, कारण फुलं वेचायची असतात. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी. तिथे बियाणं टिकतं ते पेरल्यामुळे आणि खाल्ल्यामुळे. कपाटात बंद ठेवलेल्या वालाचं वाण काही वर्षांत उगवायचं थांबतं. म्हणजे ही वाट मनाईच्या अगदी उलटी आहे. एकीकडे हात लावला नाही म्हणून वाचलं, दुसरीकडे हात लावत राहिलो म्हणून वाचलं. दोन्हींना 'संस्कृतीमुळे संवर्धन' असं एकच लेबल लावलंत तर विश्लेषणात गोंधळ होणार.

तीन, ज्ञान. कारवीचं उदाहरण घ्या. कारवी दर सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. कुडाच्या भिंतीसाठी वर्षानुवर्षं कारवी तोडून आणणाऱ्या माणसाला हे चक्र पाठ असतं. आपली पीएचडी पाच वर्षांची. म्हणजे आपल्याला एक पूर्ण चक्रसुद्धा बघायला मिळत नाही, आणि साठीतल्या त्या माणसानं फुलोरा सात वेळा पाहिलेला असतो. हे ज्ञान ज्या शब्दांत साठवलेलं असतं ते शब्द वापरातून गेले की ज्ञानही जातं. भाषा आणि जैवविविधता यांचा संबंध मला या पातळीवर जास्त पटतो, कारण इथे तो तपासता येतो. आजोबा, वडील आणि नातू या तिघांना एकाच पायवाटेवर चालवा आणि कोण किती झाडांची नावं आणि उपयोग सांगतो ते लिहून घ्या. एवढा साधा अभ्याससुद्धा नीट केला तर पेपर होतो.

आणि हो, चौथी वाटही आहे, उलट दिशेची. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. ही संस्कृतीच आहे. नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवायची प्रथा, जी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आड येते, ती पण संस्कृतीच. उलट जाणारी उदाहरणं वगळून केलेलं संशोधन म्हणजे प्रचार. निबंधासाठी ते ठीक आहे, प्रबंधासाठी नाही.

माझं गृहीतक कुठे मोडलं

आता माझी फजिती सांगते.

माझं पहिलं गृहीतक होतं: ज्या गावात श्रद्धा जास्त, त्या गावची देवराई चांगली. त्यासाठी मी छान प्रश्नावली बनवली. 'तुम्ही देवराईला पवित्र मानता का?' एक ते पाच गुण. 'जत्रेला जाता का?' एक ते पाच गुण. जवळजवळ सगळ्यांनी पाच दिले. सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर त्या चलाचा विश्लेषणात काही उपयोग नसतो, हे मी एमएस्सीच्या पहिल्या सत्रात शिकले होते. आठवण झाली ती तीनशे फॉर्म भरून झाल्यावर.

दुसरा धक्का मोठा होता. एका गावात (नाव मुद्दाम देत नाही) श्रद्धेचा गुण सगळ्यात जास्त होता. मुंबईतल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून देवळाचा जीर्णोद्धार केला होता. जांभ्या दगडाचं कौलारू देऊळ जाऊन स्लॅबचं झालं होतं. समोर सभामंडप, पेव्हर ब्लॉक, ट्रक येईल एवढा रस्ता. शिमग्याला पालखीला पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी. आणि राईतली जुनी झाडं त्या सगळ्याच्या जागेत गेली होती. उरलेल्या राईत दर वर्षी ग्रासकटर फिरवून 'साफसफाई' व्हायची, म्हणजे झाडांची रोपंही साफ.

मी तिथल्या गुरवकाकांना विचारलं, "काका, झाडं तोडायला देवाची परवानगी होती?"

ते शांतपणे म्हणाले, "कौल घेतला होता ना, बाय. देवाचं झाड देवाच्याच कामाला गेलं."

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते: देवाला कौल लावणं म्हणजे मूर्तीला फुलं किंवा कळ्या चिकटवून देवाचा होकार-नकार विचारणं. गुरव कौल लावतो, मानकरी समोर असतात, आणि उत्तर सगळ्या गावासमोर येतं. पूर्वी हीच पद्धत झाड वाचवायची. कुणाला घराला वासा हवा असेल तर कौल घ्यावा लागे, गावासमोर मागावं लागे, आणि तेवढ्यानंच पुष्कळसे लोक मागायचे नाहीत. आता तीच पद्धत, तोच देव, तेच गुरव, आणि पन्नास झाडं गेली.

त्या रात्री मी डायरीत लिहिलं की माझं गृहीतक गेलं. दोन दिवस काही सुचलं नाही. मग एक गोष्ट लक्षात आली. श्रद्धा कमी झाली नव्हती, नियम बदलला होता. पूर्वी देव राईत राहायचा आणि राई ही त्याची जागा होती. आता देव देवळात राहायला गेला आणि राई झाली देवळाची मोकळी जागा.

मी चुकीची गोष्ट मोजत होते. मला मोजायला हवे होते नियम: काय न्यायला बंदी आहे, कुणाला सूट आहे, कोण ठरवतं, मोडलं तर काय होतं, आणि शेवटचा दंड कधी झाला. सामायिक संसाधनांवर काम करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम (त्यांचं पुस्तक १९९० चं, अर्थशास्त्राचं नोबेल २००९ चं) नेमके हेच प्रश्न विचारायच्या. माझ्याकडे त्यांचं पुस्तक होतं. मी ते 'अर्थशास्त्रातलं' म्हणून बाजूला ठेवलं होतं.

प्रश्न बदलल्यावर उत्तरंही बदलली. 'पवित्र मानता का?' याला सगळे हो म्हणतात. 'वादळात पडलेल्या झाडाचं काय करता?' याला प्रत्येक गावात वेगळं उत्तर मिळतं. कुठे ते जागीच कुजू देतात, कुठे देवळाच्या स्वयंपाकाला वापरतात, कुठे लिलाव करून पैसे मंदिराच्या खात्यात जमा होतात. आता मोजण्यासारखा फरक हाती आला.

झाडांकडूनही फसू नका

सामाजिक बाजू झाली. जीवशास्त्राच्या बाजूलाही सापळे आहेत. तीन सांगते.

पहिला, तुलना कशाशी? देवराई शेजारच्या उघड्या माळापेक्षा समृद्ध निघणारच. पण बऱ्याच राया झऱ्याजवळ, ओहोळाच्या उगमाशी किंवा खोलगट जागी असतात. मग समृद्धी देवामुळे की पाण्यामुळे? म्हणून तुलनेची जागा निवडताना उतार, उंची, माती, पाण्याचं अंतर जुळवून घ्या. तशी जागा मिळत नसेल तर निदान ही माहिती नोंदवून विश्लेषणात घ्या.

कोडगूमधला २००५ चा अभ्यास यासाठी वाचा. शोनील भागवत आणि सहकाऱ्यांनी देवरकाडू, राखीव जंगल आणि कॉफीच्या बागा या तिन्हींची एकाच भूप्रदेशात तुलना केली. झाडं, पक्षी आणि अळंब्या असे तीन गट घेतले. प्रदेशनिष्ठ झाडं राखीव जंगलात जास्त आढळली, पण धोक्यात आलेल्या प्रजातींची झाडं देवरकाडूत जास्त. म्हणजे 'देवराई श्रेष्ठ की सरकारी जंगल?' हा प्रश्नच चुकीचा ठरला. दोघं वेगवेगळं काहीतरी राखतायत. असं उत्तर घोषणेत बसत नाही, म्हणून ते मला आवडतं.

दुसरा सापळा मोठ्या झाडांचा. राईत शिरल्यावर आभाळाला टेकलेला बेहडा किंवा सातवीण दिसली की माणूस भारावतो. पण ते झाड शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या परिस्थितीचा पुरावा आहे, आजच्या नाही. आज काय चाललंय हे रोपांवरून कळतं. प्रत्येक प्रजातीची रोपं, कोवळी झाडं आणि मोठी झाडं वेगवेगळी मोजा. मोठी दहा आणि रोप एकही नाही असं आढळलं, तर ती प्रजाती तिथे जिवंत दिसत असली तरी पुढच्या पिढीचा पत्ता नाही. मी वर सांगितलेल्या 'साफ' राईत नेमकं हेच होतं. बाहेरून फोटो अप्रतिम येतो, आणि आतमध्ये गुडघ्याएवढं झाड शोधून सापडत नाही.

तिसरा सापळा एकट्या राईचा. अर्ध्या हेक्टरची राई हे बेट आहे. तिथलं बी बाहेर नेणारा आणि बाहेरचं आत आणणारा कुणी नसेल तर ते बेट हळूहळू गरीब होत जातं. धनेशासारखा पक्षी एका राईत घरटं करतो आणि फळं खायला आजूबाजूच्या खासगी रानात, बागांत फिरतो. म्हणून राईची सीमा ही तुमच्या अभ्यासाची सीमा नव्हे. भोवतालचं रान तोडून तिथे सलग काजू किंवा रबर लागलं तर राईतला एकही नियम न मोडता राई बदलू शकते.

कायद्याचा प्रश्न इथे का येतो

"आम्ही सायन्सवाले, कायदा कशाला?" असं म्हणू नका. नियम राखतो कोण, हा प्रश्न जमीन कुणाची आहे इथपर्यंत जातोच.

जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली वारसा स्थळ जाहीर करता येतं. कलम ४१ खाली प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि लोक जैवविविधता नोंदवही तिनं लोकांच्या सहभागानं तयार करायची असते. तुम्ही ज्या गावात काम करणार तिथली ही नोंदवही आधी बघा. ती कशी भरलीय, कुणी भरलीय, यावरूनच बरंच कळेल. वनहक्क कायदा २००६ सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क देतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळाला.

आणि अलीकडचं म्हणजे १८ डिसेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा राजस्थानातल्या ओरणांबद्दलचा निकाल. ओरणांचं सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करा असे निर्देश त्यात आहेत, आणि राखणाऱ्या समाजाची भूमिका जपण्यावरही भर आहे. या दोन गोष्टी जमिनीवर एकत्र कशा नांदतात हा आत्ताचा, जिवंत संशोधनाचा प्रश्न आहे. ज्या रानाचा नियम गाव करत होतं त्याला सरकारी संरक्षण मिळालं की गावाचा नियम बळकट होतो की "आता ते बघतील" म्हणून सुटतो? दोन्ही होऊ शकतं. कुठे काय होतं आणि का, हे कुणीतरी मोजायला हवं. ते तुम्ही असू शकता.

फील्डवर जाण्याआधी

काही गोष्टी मला आधी कुणी सांगायला हव्या होत्या.

क्वाड्रॅटची दोरी बांधण्याआधी गावाला विचारा. सरपंचांचं पत्र घेतलं म्हणजे झालं असं नाही. गुरव, मानकरी, आणि जी बाई रोज त्या वाटेनं पाण्याला जाते ती, सगळ्यांना कळू दे तुम्ही काय करताय. काही रायांत चप्पल चालत नाही, काहींच्या आतल्या भागात बायकांना जाऊ देत नाहीत. मला एका ठिकाणी गाभ्यापर्यंत जाता आलं नाही. राग आला. पण तिथे वाद घालण्यापेक्षा मी गावातल्या दोन मुलांना मोजमाप शिकवलं आणि त्यांच्याकडून नोंदी घेतल्या. पेपरमध्ये हे लिहिलंय, कारण आकडे कुणी आणि कुठून घेतले हा पद्धतीचाच भाग आहे. कुणाला कुठे प्रवेश नाही हीसुद्धा नियमाबद्दलची माहिती आहे. बायकांना राईतलं काय माहीत आहे हे फक्त पुरुषांना विचारून लिहू नका.

औषधी, बाजारात भाव असलेल्या वनस्पतीचं अचूक ठिकाण छापू नका. राखणाऱ्यांनी शतकभर जे केलं ते तुमच्या एका जीपीएस नोंदीनं एका हंगामात संपू शकतं.

लोकांनी सांगितलेलं ज्ञान त्यांचं आहे. काय प्रसिद्ध करायचं, नाव द्यायचं की नाही, हे आधी विचारा. आणि काम झाल्यावर परत जा. मराठीत, चार पानांत, यादी आणि नकाशासह. माझ्या त्या 'साफ' राईच्या गावात मी रोपांचे आकडे घेऊन परत गेले, तेव्हा भाषण केलं नाही. फक्त दोन तक्ते दाखवले: साफसफाई होते तिथली रोपं, आणि मागच्या उतारावर होत नाही तिथली. मंडळी बराच वेळ बघत राहिली. एका काकांनी विचारलं, "म्हणजे ही मोठी झाडं पडली की मागे कोणच नाही?" त्या वर्षी ग्रासकटर देवळाच्या अंगणापुरताच फिरला. पुढच्या वर्षी फिरेल की नाही मला माहीत नाही. पण हा नियम गावानं स्वतः केला, आणि यापुढे तो टिकतो का हे आता माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आहे.

तर पहिलं वाक्य काय लिहायचं?

'सांस्कृतिक विविधता टिकली तरच जैवविविधता टिकेल' हे खोडा. त्याऐवजी असं काहीतरी लिहून बघा:

'पडलेलं लाकूड न उचलण्याचा नियम असलेल्या आणि नसलेल्या देवरायांत रोपांची संख्या आणि प्रजाती वेगळ्या आहेत का?'

'देवळाच्या बांधकामानंतर राईच्या वापराचे कोणते नियम बदलले, आणि त्याचा परिणाम कोणत्या झाडांवर दिसतो?'

'एकाच पाड्यावरच्या तीन पिढ्यांना रानभाज्यांची किती नावं माहीत आहेत, आणि ज्यांची नावं विसरली गेली त्या भाज्या रानात अजून आहेत का?'

ही वाक्यं मोठी दिसत नाहीत, भाषणात टाळ्या मिळवणार नाहीत. पण यांचं उत्तर 'नाही' असंसुद्धा येऊ शकतं, आणि ज्याचं उत्तर 'नाही' येऊ शकत नाही त्यावर संशोधन करता येत नाही.

सिनॉप्सिसचा कच्चा खर्डा तयार झाला की प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीनं 'कशी?' लिहून बघा. जिथे उत्तर सुचत नाही, तिथून काम सुरू करा.